मेपलची अक्षरं

शनिवार, रात्री.

नखांतली काळी शाई अजून गेलेली नाही. जाऊही नये असं वाटतंय.

इथल्या, शिकागोतल्या एका सामुदायिक छापखान्यात आज पहिल्यांदा छपाईचे लाकडी खिळे हाताळले. शिशाचा खिळा थंड, जड. हा हलका, हाताला ऊब देणारा. मेपलचं खोड आडवं कापायचं आणि त्या कठीण छेदावर अक्षर कोरायचं. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये हे काम यंत्राने करायची रीत काढली, आणि भल्यामोठ्या भित्तिपत्रकांना जड शिशाची गरज उरली नाही. उंची मात्र शिशाइतकीच, ०.९१८ इंच. केसभर कमी पडली तरी अक्षर फिकं उठतं. मग खाली पातळ कागद सरकवायचा, पुन्हा ठसा घ्यायचा. त्या कपट्यांतच माझी अख्खी दुपार गेली, आणि दिवसातली तीच वेळ सगळ्यात सुंदर होती.

एका ‘आर’ला खोल चरा आहे. कधीतरी कुणाच्या हातून पडला असेल. प्रत्येक छापात तो पांढरा उमटतो. कुणी तो बुजवू नये.

मला ‘आई’ छापायचं होतं. खणांत देवनागरी नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मुंबईत कानामात्रा-वेलांट्यांसह शिशाचे किती देखणे खिळे ओतले! इथे मी लिनोलियमवर दोन अक्षरं उलटी कोरली, फळीवर चिकटवून उंचीला आणली. ‘ई’वरचा रफार दोनदा तुटला. तिसऱ्यांदा टिकला.

पहिली प्रत आईला टपालाने पाठवणार आहे. नळीत घालून, घडी न घालता.