भोपळ्याचे गणगोत : उल्हासनगर ते बदलापूर

पावसाळ्यात कधी कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात, तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांवर उतरून भाजीबाजार जरूर पाहा. दुधी, दोडका, पडवळ, कारले, काकडी, तोंडली ही सगळी एकाच कुळातली. जगात या कुळाच्या जवळजवळ एक हजार जाती आहेत. आपल्या परसातला मांडव म्हणजे त्यांचे एकत्र कुटुंबच! ताणे टाकून वर चढायचे, नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे आणि मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच दिसायचे, ही या घराण्याची खूण.

पण नुसत्या तोंडवळ्यावरून आतले नाते ओळखू जाल, तर फसाल. उल्हासनगरच्या बाजारात याचा नमुना मिळतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिली. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी घरांतली एक आवडती भाजी म्हणजे ढेमसे. सिंधीत त्याला मेहा म्हणतात. गोल, हिरवे, जणू कलिंगडाचे पिल्लूच! शास्त्रज्ञही कित्येक वर्षे त्याला कलिंगडाचा भाऊ समजत. पुढे डीएनएची तपासणी झाली, तेव्हा त्याचे जवळचे नाते निघाले कोहळ्याशी!

अंबरनाथला उतरलात, तर शिवमंदिर पाहिल्याशिवाय परतू नका. शिलालेखात त्याचे साल इसवी सन १०६० येते. हे देऊळ उभे राहिले तेव्हा आपल्या देशात दुधी होता, काकडी होती. पण लाल भोपळा नव्हता. तो मूळचा अमेरिकेचा. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर तो गलबतांतून इकडे आला. आज हाच पाहुणा आपल्या उपासाच्या ताटात हक्काने बसतो!

बदलापूरला पावसाळ्यात आदिवासी बायका डोंगरातून करटोली आणतात. कुणी तिला कंटोळी म्हणतात. मऊ काट्यांची ही रानभाजी कारल्याची खरी बहीण, पण कारल्यासारखी कडू नाही. आणखी एक मोठा फरक आहे. कारल्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले येतात. करटोलीचा नर वेल निराळा, मादी वेल निराळा. बी पेरले, तर फूल येईपर्यंत कोणता वेल कसला ते कळत नाही. म्हणून जाणते लोक मादी वेलाचे कंद लावतात आणि मधूनमधून थोडे नर वेल ठेवतात.

पावसाळा सरला की वेल वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. बदलापूरच्या आसपास आता इमारती वाढत आहेत. माळ खणला गेला, की कंदही गेला.

तेव्हा मंडळी, आपल्या बांधावर करटोली असेल, तर फळे जरूर खुडा, कंद मात्र राहू द्या. आणि एखादा वेल नुसताच फुलतो, फळ धरत नाही, म्हणून वांझ समजून उपटू नका. तो नर असेल. तो गेला, तर शेजारच्या भरल्या वेलांनाही पुढच्या वर्षी फळ धरायचे नाही.