बंड आणि बंदोबस्त

जुन्नर,
श्रावण शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोहोचले. एखाद्या संघटित गुन्हेगारी घराण्याचा उदय आणि अस्त हा विषय तू आपल्या ग्रंथासाठी घेतला आहेस. आणि मुंबईच्या गोद्या, दारूचे गुत्ते व परदेशी पसार झालेले सूत्रधार यांची टिपणे काढून झाल्यावर, आपल्या जुन्नर-आंबेगावकडे असे काही घडले होते काय, अशी पृच्छा तू केली आहेस. घडले होते, आणि ते इंग्रजांच्या दप्तरात सविस्तर नमूदही आहे. परंतु त्या नोंदी वाचावयास घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेव, आणि मला जे सांगावयाचे आहे ते सारे तिच्यातच आहे: या डोंगरांतील ज्या घराण्यांची नावे सरकारने दरोडेखोर म्हणून लिहून ठेवली, त्याच घराण्यांच्या हाती याच डोंगरांचा बंदोबस्त सरकारनेच पुनःपुन्हा सोपविला होता. बंड आणि बंदोबस्त ही दोन्ही एकाच ओसरीवर नांदत होती.

हे असे का झाले, हे भूमीकडे पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. भीमाशंकरापासून आहुपे, जीवधन, हरिश्चंद्रगड अशी सह्याद्रीची धार उत्तरेकडे जाते. तिच्या पश्चिमेस कोकणचा कडा, पूर्वेस घोड, मीना आणि कुकडी यांची खोरी, आणि मध्ये मोजक्या वाटा. त्यांतील नाणेघाट ही सातवाहनांच्या काळापासून व्यापाराची वाट. घाटाच्या माथ्यावर आजही एक भला मोठा दगडी रांजण आहे, त्याचे तोंड माणूस आत उतरू शकेल एवढे रुंद. त्यात जकातीचे नाणे पडत असे, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तो जकातीचा असो वा नसो, एवढे खरे की ज्या वाटेने माल जातो त्या वाटेवर कोणीतरी हात पसरून उभा असतो, आणि ज्याला तो माल सुखरूप जावयास हवा असतो तो त्या हातावर काही ठेवण्यास तयार असतो. येथील महादेव कोळी हे या वाटांचे जन्मजात जाणकार. त्यांच्या नाईकांना राजसत्तेने घाटांची रखवाली, गडांची शिबंदी आणि त्याबद्दलचे हक्क दिले, ते त्यांच्यावरील प्रेमापोटी दिले नाहीत; दुसऱ्या कोणाकडून ते काम होण्यासारखे नव्हते, म्हणून दिले.

हक्क चालू असेतो नाईक हा राज्याचा चाकर, आणि हक्क थकला किंवा काढून घेतला की तोच नाईक बंडखोर, असे हे गणित होते. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांनी या भागात जमिनीची मोजणी करून नवा सारा बसविला, तेव्हा कोळ्यांनी आपल्या सरनाईकाच्या पुढारीपणाखाली उठाव केला. तो मोडून काढताना धरलेल्यांची मुंडकी तोडून त्यांच्या राशीवर चौथरा बांधण्यात आला, अशी परंपरा आहे. त्याला काळा चबुतरा म्हणत, आणि शिवनेरीवर आजही कोळी चौथरा म्हणून तो दाखविला जातो. शिवजन्माच्या पाळण्यापुढे माथा टेकवून उतरणाऱ्या हजारो यात्रेकरूंपैकी फारच थोडे तेथे थांबतात.

पेशवाईत हेच गणित अधिक स्पष्ट दिसते. १७६० च्या सुमारास जावजी बांबळे डोंगरात शिरला आणि सुमारे वीस वर्षे त्याने सरकारी फौजांना दाद दिली नाही. गावे लुटली, माणसे मारली, पाठलागावर आलेल्या सरदारांनाही लोळविले. अखेरीस पाठलाग असह्य झाला, तेव्हा त्याने आपल्या ताब्यातील गड तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले, होळकरांनी मध्यस्थी केली, आणि पुण्याच्या दरबाराने त्याला काय शिक्षा दिली म्हणतोस? साठ गावांचा फौजी व पोलिसी अंमल, आणि बंडखोर कोळ्यांना देहदंड देण्याचा अधिकार! काल ज्याच्या शिरामागे फौजा लागल्या होत्या, त्याच्याच लेखणीखाली आज दुसऱ्यांची शिरे आली. नीतीच्या दृष्टीने पाहशील तर तुला हे लज्जास्पद वाटेल. परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीने, फौज पाठविण्याच्या खर्चापेक्षा हे स्वस्त होते.

भांगरे घराण्याची कथा याच साच्यात पडते. १७९८ मध्ये या घराण्यातील बंधूंनी बंड उभारले. त्यांपैकी वालोजी पकडला जाऊन देहान्त शिक्षेस पात्र झाला. मागून आलेला रामजी हा त्याहूनही हिकमती निघाला, आणि बळाने तो हाती लागत नाही असे दिसताच सरकारने त्याला माफी देऊन पोलिसात महत्त्वाची जागा दिली. ती त्याने उत्तम रीतीने सांभाळली, असा निर्वाळा इंग्रजांच्याच ग्रंथात आहे. येथपर्यंत घराण्याचा उदय म्हणावा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या सरकारने गडांची शिबंदी मोडली, हक्कांना कात्री लावली, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रखवालीचे वतन होते त्यांना नांगर धरावयास सांगितले. १८२९ मध्ये रामा किरवे याचे बंड झाले. कॅप्टन मॅकिंटॉश याने ते मोडले आणि पुढे याच मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर एक विस्तृत निबंध लिहिला. ज्याने त्यांना धरले त्यानेच त्यांना लिहून ठेवले, ही गोष्ट त्याचे पान उलटताना विसरू नकोस.

१८३९ मध्ये घोडेगावी जे घडले ते तर तुझ्या ‘गुन्हेगारी’ या सदरात बसविताना तुझी तारांबळ उडेल. भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्या पुढारीपणाखाली कोळ्यांच्या टोळ्या गावे लुटीत निघाल्या, इतर जातींचे लोक त्यांस मिळाले, आणि आपण पेशव्यांच्या वतीने कारभार हाती घेत आहो, असे त्यांनी जाहीर केले. घोडेगावच्या महालकऱ्याच्या कचेरीवर खजिन्यासाठी हल्ला झाला. महालकऱ्याला आधीच सुगावा लागलेला असल्यामुळे त्याने रात्रभर ती लढविली. पुढे चोपन्न जणांवर खटला चालला, आणि रामचंद्र गणेश गोरे नावाचा ब्राह्मण व एक कोळी अशा दोघांस फाशी झाली. खजिना लुटावयास जाताना राजाच्या नावाची द्वाही फिरविणारी ही मंडळी लुटारू की राजनिष्ठ, याचा निकाल न्यायाधीशाने देऊन टाकला. तुला मात्र तो इतक्या घाईने देता येणार नाही.

आणि मग राघोजी, रामजीचा पुत्र. १८४४ मध्ये तो आणि बापू भांगरे डोंगरात उतरले. त्यांच्या टोळीने पोलिसांच्या तुकडीवर छापा घालून एक देशी अंमलदार व दहा शिपाई ठार केले. सावकारांवर धाडी पडू लागल्या, गावांवर खंडणी बसू लागली, आणि हे लोण पुण्याच्या दक्षिणेस पुरंदर व साताऱ्यापर्यंत पोचले. ऑगस्ट १८४५ मध्ये बापू सापडला. राघोजी मात्र निसटत राहिला, आणि १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडला गेला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्याला फाशी देण्यात आले. आज त्याला आद्यक्रांतिकारक म्हणून वंदन होते, त्याच्या नावाने स्मारके उभी राहतात. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या दहा शिपायांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत, आणि तेही बहुधा याच मातीतले होते.

राघोजीबरोबर हे सारे संपले नाही. आंबेगावच्या जांभोरी गावचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ पासून सावकारांवर जे हल्ले चढविले, त्यांत कित्येकांची नाके कापली गेली आणि कित्येकांनी गावे सोडली. सरकारने त्याच्यावर हजार रुपयांचे बक्षीस लावले, त्याच्या अठरा साथीदारांवर निराळी बक्षिसे लावली, आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्याला धरले. होन्याच्या पाठीशी वतन नव्हते, घाटाची सनदही नव्हती; त्याच्या पाठीशी होते ते कर्ज. समज, एखाद्या कोळ्याने बैलासाठी पंचवीस रुपये दरमहा दोन रुपये शेकड्याने उचलले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनंतर खत निकामी होई, म्हणून सावकार तिसरे वर्ष संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई. पंचवीसाचे त्रेचाळीस झाले, आणखी तीन वर्षांनी त्रेचाळीसाचे चौऱ्याहत्तर, आणि दरम्यान बैल मेला. हिरडा वेचून ते फिटण्यासारखे नव्हते. मग दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा येई, जप्ती येई. १८७५ मध्ये सुप्यापासून जे दंगे उसळले त्यांत शेतकऱ्यांनी खतांचे कागद जाळले. येथे डोंगरात माणसांची नाके गेली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, तो या दोन्ही प्रकारांनंतर. त्याच वर्षी कृष्णा साबळे व त्याचा मुलगा मारुती यांनी कोळ्यांची टोळी उभारली, आणि हा कृष्णा कोण, तर पोलिसांतील पेन्शनर! जुने गणित अजून पुसले गेले नव्हते.

तू सिसिलीच्या माफियाविषयी लिहितोस म्हणून सांगतो. होन्या पकडला गेला त्याच वर्षी, १८७६ मध्ये, फ्रांकेत्ती आणि सोन्नीनो हे दोन तरुण गृहस्थ सिसिलीची पाहणी करावयास गेले होते. तेथे हिंसा हा एक धंदा झाला असून तो मातब्बरांच्या गरजेवर चालतो, असे फ्रांकेत्तीने लिहिले. तेथेही जमीनदारांच्या मळ्यांचे राखणदार आणि कंत्राटी खंडकरी यांच्यातूनच ती घराणी वर आली. प्रारंभ दोन्हीकडे एकच, मग शेवट निराळा का? माझ्या मते याचे कारण असे की तेथे नवे राज्य आले तरी जमीनदाराला आणि पुढे निवडणुकीच्या उमेदवाराला मधल्या माणसाची गरज उरली. आपल्याकडे इंग्रजाने रस्ता बांधला, मोजणी केली, चौकी बसविली, आणि त्याला साराही मिळाला व शांतताही मिळाली. नाईकाजवळ विकण्यासारखे काही उरले नाही. त्याच सुमारास सावकाराच्या वहीला कोर्टाचे पाठबळ लाभले, आणि जी वसुली पूर्वी तलवार करीत असे ती स्टॅम्पाच्या कागदाने होऊ लागली. फाशी ही या अस्ताची मोहोर होती, एवढेच.

मुंबईच्या ज्या टोळ्यांवर तू लिहिणार आहेस, त्यांनाही हीच कसोटी लाव. त्यांचे सूत्रधार किती क्रूर होते हे वर्तमानपत्रांनी सांगून झाले आहे. गोदीत माल कोणाच्या नजरेआड उतरत होता, बंद गिरण्यांच्या जमिनींवरून भाडेकरू हलवावयाला कोणाला कोणाची गरज पडली, खंडणी देणारा पोलिसांकडे जाण्याऐवजी त्यांच्याकडे का गेला, हे शोधशील तर त्यांचा उदय तुला कळेल. आणि ती गरज कोणत्या दुसऱ्या कागदाने भागू लागली हे शोधशील तर अस्तही कळेल. मात्र लुटल्या गेलेल्याची बाजू सोडू नकोस. होन्याच्या काळी नाक गमावलेला प्रत्येक जण लक्षाधीश नव्हता. डोंगरातल्या गावी तेल-मिठाचे दुकान मांडून बसलेला किरकोळ वाणीही त्यात असणार. अन्यायातून जन्मलेला क्रोध न्याय करतोच असे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आलास तर घोडेगावावरून डिंभे, तेथून आहुपे असा रस्ता करू. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव धरणाच्या पाण्यात आहे, तेव्हा जुन्या बाजारपेठेची चौकशी डिंभ्यास पुनर्वसन झालेल्यांकडेच करावी लागेल. तोवर एक कर: प्रकरणांचा क्रम बदल. तुझ्या आराखड्यात पहिले प्रकरण गुन्ह्याचे आणि शेवटचे फाशीचे आहे. त्याऐवजी प्रथम हक्कांचा जमाखर्च मांड, कोणाला काय मिळत होते, कोणी ते कधी बंद केले आणि त्या जागी कोण आले. मग गुन्ह्याला हात घाल. असे केल्यावर तुझी निम्मी पाने गळून पडतील, पण उरलेली टिकतील.

ताईस व घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा