बावीस पाडवे

माझ्या मुलाने आठ वर्षांत तिसरी नोकरी सोडली, तेव्हा मी त्याला नको ते बोललो. 2023 चा पाडवा होता, 22 मार्च. जुन्या पेन्शनसाठी राज्यभर चाललेला कर्मचाऱ्यांचा संप दोनच दिवसांपूर्वी मिटला होता. मी स्वतः जुनी पेन्शन घेणारा माणूस. अंगणात बसून त्याला ऐकवलं, "तुझ्या आजोबांनी एका घरी बावीस वर्षं काढली, मी एका नहरावर चौतीस. तुझे पाय कुठं ठरतच नाहीत."

हे मी मनापासून बोललो होतो. 1985 मध्ये इटियाडोहच्या कालव्यावर रोजंदारीला लागलो. गाढवी नदीवरच्या या धरणाचं पाणी आमच्या अर्जुनी मोरगावातून पुढं लाखांदूर, वडसा, आरमोरीकडं जातं. सलग पाच वर्षं भरली आणि रोजंदारांसाठीच्या कालेलकर करारानं सीआरटीवर, म्हणजे रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर आलो. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. बदली न होता माझा जिल्हा बदलला, नहर तोच राहिला. रात्रीच्या गस्तीला पाण्याचा आवाज जरा बदलला की मी थांबायचो. कंदील खाली धरला की दिसायचं, खेकड्यानं पाळीत भोक पाडलेलं. ते तेव्हाच बुजवलं नाही तर सकाळपर्यंत भगदाड, आणि टेलच्या, नहराच्या शेवटच्या टोकाच्या, बांध्या कोरड्या. ते कान मला एका वर्षात आले नव्हते. म्हणून वाटायचं, माणसानं टिकावं. टिकण्यातच इमान आहे.

त्या दिवशी मी बोलत होतो आणि माय भिंतीला टेकून ऐकत होती. मुलगा उठून गेल्यावर म्हणाली, "तुहा बाप रायला नाही रे बाबू, अडकला होता."

बाबा 1957 पासून एका मोठ्या घरी सालगडी होते. मालगुजारी 1951 मध्येच गेली होती, पण वाडा, जमीन आणि राबणारी माणसं जागच्या जागी होती. दर पाडव्याला साल संपायचं आणि नवं ठरायचं. मला तो दिवस लख्ख आठवतो. वाड्याच्या अंगणात धानाची रास, कुडवानं मोजणी. पहिल्या कुडवाला 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. मोजणी झाली की मालक बाबांच्या कपाळी कुंकू लावायचे, हातात नारळ द्यायचे. आजवर मला ते कुंकूच आठवत होतं. हाच माझ्या बापाचा मान, असं मी धरून चाललो होतो.

मायनं सांगितलं ते दुसऱ्या राशीबद्दल. मोजलेल्या धानातला एक भाग आधी बाजूला पडायचा, तो उचलीचा. थोरल्या बहिणीच्या लग्नात घेतलेली उचल. नंतर बाबांना ताप आला, कामाचे दिवस बुडाले, तेही उचलीत चढले. पोतं घरी यायचं ते अर्धं, आणि पावसाळा लागेपर्यंत पुन्हा उचल. फिटल्याशिवाय दुसऱ्याकडं जाता येत नव्हतं. 1976 मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला; आमच्या घरी तो कोणी सांगितला नाही. बाबा सुटले 1979 मध्ये, गुडघे गेल्यावर. बावीस पाडवे त्यांनी 'लाभ' ऐकलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. बाबांचं राहणं आणि माझं राहणं मी एकाच मापानं मोजत आलो होतो. मी राहिलो, कारण मला राहता येत होतं. महिन्याला पगार होता, सेवापुस्तक होतं, पुढं पेन्शन होती. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती जुनी पेन्शनही राहिली नाही. आणि माझ्या मुलाच्या हातात अकरा महिन्यांचा करार, तोही ठेकेदाराचा. ज्यानं त्याला बारावा महिना कबूल केला नाही, त्याच्याशी त्यानं कसलं इमान राखायचं? नहरानं मला जे शिकवलं त्याचं मोल मी आजही कमी करणार नाही. पण ते शिकायला मला दिवस दिले गेले होते. पोराला ते कोणी देत नाही, आणि दोष मी त्याच्या पायांना देत होतो. तो जे करतो आहे, ते बाबांना करता आलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच पाडव्याला केलं असतं.

सकाळी मी त्याला हे सगळं सांगितलं, माझं चुकलं हेही. तो काही बोलला नाही. चहा घेतला आणि मायजवळ जाऊन बसला.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला, चौथी जागा मिळाली म्हणून. "का सोडली?" हे माझ्या तोंडावर आलं नाही. पीएफ वळता केलास का, नेमणुकीचं पत्र हातात आलं का, एवढं विचारलं. मायनं हात पुढं केला, मी फोन तिच्या कानाला लावला.

"कंपनीची उचल नाही ना घेतली रे?"

तो नाही म्हणाला असावा.

"मंग जाय," माय म्हणाली.