डॉक्टर, पाच वर्षांच्या मुलाला कोडिंगचा क्लास लावू का?

सर्दी-खोकल्याचं औषध लिहून झालं की हल्ली आईवडील हळूच हा प्रश्न विचारतात. साताऱ्यात येतो, तसाच सांगलीतही. फी मोठी, क्लास मोबाईलवर आणि मनात भीती एकच: आपलं मूल मागं पडलं तर?

मी त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. या वयात कोडिंगपेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा. मोठ्या कामाचे लहान भाग करणं, पायऱ्या क्रमानं लावणं, 'असं झालं तर तसं' हे ठरवणं आणि चूक नेमकी कुठं झाली ते शोधणं. याला संगणकीय विचार म्हणतात. त्यासाठी स्क्रीन लागत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही हा विचार पायाभूत टप्प्यापासून कोडी आणि खेळांतून रुजवायला सांगतं. कोडिंग त्यात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, तीही जितकी कमी तितकी बरी.

मग काय करायचं? आजीला विचारा. फरशीवर खडूनं २५ घरं आखून कवड्यांनी किंवा फोडलेल्या चिंचोक्यांनी खेळायचा चल्लस-आठ तिला आठवत असेल. दान पडलं की मूल ठरवतं: कुठली सोंगटी हलवू? इथं थांबलो तर मार बसेल का? हाच तो विचार.

सापशिडी खेळताना एक करा. सोंगटी २३ वर असेल आणि ३ पडले, तर "एक, दोन, तीन" नको. "चोवीस, पंचवीस, सव्वीस" म्हणायला लावा. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांचा साधा पट असाच खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांनंतर त्यांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांची वाढली नाही.

तिसरा खेळ फुकटचा. तुम्ही यंत्रमानव व्हा. फरश्या म्हणजे घरं. मुलानं सांगायचं, "दोन पुढे, उजवीकडे वळ." जसं सांगेल तसंच चाला, मनानं सुधारू नका. भिंतीला धडकलात की चूक त्यालाच शोधू द्या.

पण खेळातून जादू होईल असंही समजू नका. सांगली ही बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकर इथलेच, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटेही इथल्याच. तरी बुद्धिबळानं गणिताचे गुण वाढतातच असं नाही. इंग्लंडमधल्या १०० शाळांत वर्षभर बुद्धिबळ शिकवून पाहिलं. २०१६ च्या अहवालात गणितात फरक दिसला नाही. तेव्हा खेळ गुणांसाठी नको. वाट बघणं, हरणं पचवणं आणि रोज तुमची वीस मिनिटं मिळणं, हा त्यातला खरा फायदा.

एक काळजी मात्र घ्या. तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती कवड्या, चिंचोके, फासे लागू देऊ नका. नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतात. खेळ संपला की मोजून डब्यात ठेवा. मोजायचं कामही मुलालाच द्या.