ग्वाल्हेरची करधई

ग्वाल्हेरचे नाव निघताच वाचकांच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, तानसेनाची समाधी आठवते. येथील झाडाझुडपांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. दिल्लीकडून आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यास धौलपूर सुटताच चंबळच्या घळींत दाट झुडपे दिसतात, आणि ‘तुमचा मुलूख हिरवागार आहे हो!’ अशी तो आमची प्रशंसा करतो.

ही हिरवळ विलायती बाभळीची. नाव बाभळीचे, परंतु नात्याने ती आपल्या शमीला अधिक जवळची. मूळ घर अमेरिका खंडातले. १८७७ च्या सुमारास ती हिंदुस्थानात आली, जोधपूर दरबाराने १९४० मध्ये तिला ‘राजवृक्ष’ ठरविले आणि १९८० नंतरच्या दशकात चंबळच्या घळींवर तिचे बी चक्क विमानातून पेरण्यात आले. माती धरून ठेवावी हा हेतू चांगलाच होता. गरिबाच्या चुलीस तिने सरपण दिले, हेही खरे. पण तिच्या शेंगा गुरे-शेळ्या आवडीने खातात, बी शेणातून धडधाकट बाहेर पडते आणि पडेल तेथे रुजते. तोडावी तर बुंध्यातून चहूबाजूंनी फुटते, आणि तिच्या आसपास दुसरे फारसे काही वाढत नाही.

दुसरे आगंतुक गाजर गवत. रोला शेषगिरी राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यातील या गवताची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे आमच्या पूर्वजांप्रमाणे यानेही पुण्याकडूनच उत्तरेची वाट धरली म्हणायची! मात्र आमचे पूर्वज येथील भाषा शिकले, शेजारधर्म पाळू लागले. हा पाहुणा शेजाऱ्यास उगवूच देत नाही, वर अंगास खाज आणतो.

या टेकड्यांची खरी रहिवासी करधई, महाराष्ट्रातील धावड्याची बहीण. ती पाहावयाची तर शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात जावे, किंवा २०२२ मध्ये जेथे चित्ते आणून सोडले त्या कुनोच्या रानात. हिवाळ्यात तिची बारीक पाने तांबूस होतात. मे महिन्यात ती मेल्यासारखी उभी असते आणि पावसाआधीच्या नुसत्या दमट हवेने पालवते, असे येथील लोक सांगतात. लाकूड चिवट, अवजारांच्या दांड्यांना उत्तम; तेच तिच्या मुळावर आले. शिवाय तिचे बी बहुधा पोकळ निघते, शेकड्यांत एखादेच रुजते. म्हणून वृक्षारोपणाच्या सप्ताहात आमच्या शाळेत गुलमोहराची रोपे येतात, करधईचे कधी येत नाही. तिचा वंश चालतो तो मुख्यतः मुळांतून आणि खुंटांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी. शेळ्यांपासून ते राखले, की पुरे.

शाळेमागील टेकडीवर तिचे तीन खुंट अद्याप जिवंत आहेत. यंदा मुलांकडून आम्ही त्यांना काटेरी कुंपण घालून घेतले. काटे अर्थात विलायती बाभळीचेच. त्यांना तोटा नव्हता.