देहरादूनच्या लाकूडघरात

यात्रा चारधामची असो की नुसत्या हरिद्वारची, गंगास्नान उरकून एखादा दिवस हाताशी उरतोच. तो माळा-खेळण्यांच्या बाजारात घालवू नका. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर देहरादून आहे. चक्राता रस्त्याला वन संशोधन संस्थेची विटांची प्रचंड इमारत लागते. संस्था १९०६ सालची, इमारतीचे उद्घाटन १९२९ चे. आत लाकडाच्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराची चकती आहे. मुलांना तिची वलये मोजायला लावा.

मी मात्र तिथे आपल्या गोठ्याचाच विचार करीत होतो. निलगिरीच्या मेढी तोडल्या त्याच आठवड्यात जळके ऑईल फासून पुरल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात जमिनीलगत कुजून एक मेढ म्हशीच्या धक्क्याने मोडली. म्हैस वाचली, हे नशीब.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. ओल्या लाकडात त्या पाण्याने भरलेल्या असतात. भरल्या घागरीत तेल ओतले तर जाणार कुठे? माझे ऑईल वरच्यावर राहिले. लाकूड वाळले की ते शिरते, तेही बाहेरच्या पांढऱ्या भागात. सागाच्या गाभ्यातल्या नळ्या झाडाने स्वतःच बुजवलेल्या असतात. तिथे औषध शिरत नाही, आणि फारशी गरजही पडत नाही. हिमालयातल्या फर-स्प्रूसची तऱ्हा निराळी. वाळताना त्यांच्या नळ्यांमधल्या बारीक झडपा मिटतात. म्हणून अशा लाकडाला चिरा पाडतात आणि बंद टाकीत दाबाने औषध भरतात.

याच संस्थेत सोंटी कामेशम् यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे औषध शोधले. ते लाकडात घट्ट बसते, पावसाने सहसा धुऊन जात नाही. जगभर विजेच्या खांबांना ते वापरले गेले. मोरचूद आपल्या ओळखीचे असले तरी हा प्रयोग घरी करायचा नाही, कारण आर्सेनिक जहर आहे. असले लाकूड चुलीत घालू नये, गव्हाणीलाही वापरू नये.

बांबूचे ऐकून घरातल्या आजी हसतील. ओढ्यात दगडाखाली दाबून बांबू भिजवायचा हे त्यांना ठाऊकच आहे. त्यातला गोड-पिठूळ अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. बांबूची पाठ चकचकीत, तिच्यातून काही शिरत नाही. वाट फक्त कापलेल्या टोकाची. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात ताजा बांबू पानांसकट उभा ठेवला, तर पाने पाणी वर ओढतात आणि त्याबरोबर औषधही चढते. वाळक्या बांबूत हे जमत नाही. हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या वाशांना ठीक, मातीत पुरायच्या मेढींना नाही.

परत आल्यावर नव्या मेढी तोडल्या, साल काढली आणि सावलीत दगडांवर वारा खेळेल अशा रचून ठेवल्या. शेजारी रोज विचारतात, ‘गोठा कधी उभा करणार?’ म्हैस सध्या पडवीत आहे.