वॉटर पेपर आणि दोन वर्षांचा अबोला



मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात तो हा काळ. नावा काठावर येतात आणि त्यांची डागडुजी होते. मागच्या जुलैत पाळकसाहेबांचा फोन आला. आपल्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भाऊंचा गुडघा दुखतो, त्यांची फायबरची नाव घासून द्यायला कोणी जाईल का? मी लगेच हो म्हणालो नाही. त्या भाऊंशी माझा दोन वर्षे अबोला होता. नाताळच्या वर्गणीच्या हिशेबावरून मी भर सभेत त्यांना नको ते बोललो होतो. पुढे हिशेब बरोबर निघाला, पण माझी जीभ काही वळली नाही.

तरी गेलो. बालाघाटहून वारासिवनीकडे जाताना वैनगंगेचा पूल ओलांडला, तेव्हा नदी गढूळ आणि भरलेली होती. भाऊंच्या अंगणात टिनाच्या छपराखाली नाव पालथी ठेवलेली. कधीकाळी निळी असावी. आता हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागत होती.

भाऊ एवढेच म्हणाले, "रंग गेला गा तिचा."

मी ओले फडके फिरवले आणि काय आश्चर्य! फडके गेले तिथे निळा रंग वर आला. पाणी सुकले, पुन्हा पांढरे. म्हणजे रंग गेला नव्हता. फायबरच्या नावेला वरून जेलकोटचा थर असतो, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा पापुद्रा कुजतो आणि खडबडीत होतो. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून नाव पांढरी दिसते. पाण्याने खळगे भरले की खालचा रंग घटकाभर दिसतो.

मला घाई होती. साबणाने धुऊन मी थेट मेण चोळले. नाव चमकली आणि मी खूश होऊन घरी आलो. आठ दिवसांनी गेलो तर पुन्हा तीच पूड. भाऊ हसले. "लेप लावला, मळ तसाच ठेवला."

ते वाक्य मला नावेपेक्षा जास्त लागले. दोन वर्षे मी रविवारी उपासनेला बसत होतो, गीते गात होतो, प्रभुभोजनही घेत होतो. वरून मेण, आत पूड. वेदीपुढे अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शिकवले. मी तो भाग तरुणांना शिकवलाही होता.

मग रीतसर काम सुरू केले. 600 नंबरचा वॉटर पेपर, मग 800, 1000, 1200. एका वेळी दोन फूट जागा. नंतर रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि सर्वांत शेवटी मेण. जोर जास्त लावला तर जेलकोट संपून खालचे धागे उघडे पडतात. म्हणून हात हलका हवा. कोरडे घासायचे नाही, कारण ती धूळ फुप्फुसाला वाईट. तोंडाला फडके बांधून मी घासत होतो आणि भाऊ शेजारी खुर्चीवर बसून तांब्याने पाणी सोडत होते.

तिसऱ्या दिवशी मी मान वर न करता म्हणालो, "भाऊ, त्या सभेत मी चुकलो. मला क्षमा करा."

पाण्याची धार थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

"घास," ते म्हणाले. "पण पाणी टाकत राहू. कोरडं घासलं की धागे निघतात."

1986 साली गालील सरोवराचे पाणी आटले तेव्हा चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक मासेमारीची नाव सापडली. प्रभूच्या काळातली, जेमतेम आठ मीटर लांब, जागोजाग वेगवेगळ्या लाकडांची ठिगळे लावलेली. तिच्यावर चमक कसली! पण कोणीतरी तिला पुन्हापुन्हा दुरुस्त करून पाण्यात नेत राहिले, हे त्या ठिगळांवरून कळते. शिमोनाची नावही अशीच वापरातली असणार. प्रभू तिच्यात बसला, तेव्हा तिचा रंग त्याने पाहिला नाही.

भाऊंची नाव ऑगस्टमध्ये पाण्यात उतरली, निळीशार. मेण काही महिनेच टिकते, पुन्हा लावावे लागते. उन्हात ठेवली तर पूड पुन्हा येणारच. क्षमेचेही तसेच आहे. एकदा मागून भागत नाही, नाते सावलीत जपावे लागते. आता दर रविवारी भाऊ माझ्या शेजारी बसतात.

तुमच्या अंगणात अशी कोणती नाव पालथी पडली आहे? आज ओले फडके फिरवून बघा.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्यावरचा लेप नको, आतला मळ काढ. तुझा हात हलका आहे, हे आम्ही जाणतो. आमेन.